एक रेघ, सही आणि तारीख

सुधाकरभाऊ, तुमच्या अंत्यविधीच्या फॉर्मवर मृताच्या नावाच्या चौकटीत मी माझं नाव लिहिलं.

मुद्दाम नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमचं अक्षर चांगलं आहे, घाटावरच्या ऑफिसात तुम्हीच जा." सत्तावीस वर्षं मास्तरकी करून हाताला अशी खोड लागते की रिकामी चौकट दिसली की तो आधी आपलं नाव लिहून मोकळा होतो. खिडकीतल्या माणसाने फॉर्म डोळ्यांजवळ नेला.

"काकाजी, हे कोनाचं नाव आहे?"

"माझं."

"तुम्ही त चांगले उभे दिसून राहिले."

मागे रांगेतलं कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. मी घाईघाईने विचारलं, "व्हाइटनर आहे का?" शब्द तोंडातून निघाला आणि माझी मान आपोआप बाहेर वळली. तुम्ही वीस पावलांवर होतात, अंगावर तुमच्या बहिणीने, निमाने, आणलेली शाल. मला खरोखर वाटलं, आता हे उठून बसतात. "जवाईबापू, काय मागितलं तुम्ही?"

मी व्हाइटनर घेतलं नाही. माझ्या नावावर एक रेघ मारली, एकच, खालचं नाव वाचता येईल अशी. शेजारी सही केली, तारीख टाकली आणि वरच्या जागेत तुमचं नाव लिहिलं. ते लिहिताना काय झालं ते राहू द्या. खिडकीतला म्हणाला, "अशी खोडलेली पहिल्यांदाच पाहिली. कुठं शिकले?" मी बाहेर बोट दाखवलं.

तुमचं काम काय, हे मला लग्नानंतर पहिली दहा वर्षं कळलं नव्हतं. शाळेत कुणी विचारलं की मी सांगायचो, "माझा साळा हिंगण्याला गोळ्यांच्या कारखान्यात आहे." लोक समजायचे, गोळ्या बनवतात. मग एकदा तुम्हीच समजावून सांगितलं होतं. गोळी बनवणारे वेगळे, विकणारे वेगळे, आणि ती विकायला सरकारची परवानगी मिळवणारे वेगळे. गोळीत काय आहे, कशी बनते, किती दिवस टिकते, कुणी घेऊ नये, हे सगळं कागदावर मांडून इथल्या आणि बाहेरदेशच्या सरकारांपुढे ठेवायचं, ते तुमचं खातं. रेग्युलेटरी अफेअर्स. मी म्हणालो, "म्हणजे कारकुनी." तुम्ही म्हणाला होतात, "हो ना. फक्त आमच्या कारकुनीत स्वल्पविराम चुकला त कोनाच्या तरी पोटात दुखते."

दर उन्हाळ्यात फार्मसी कॉलेजची चार-पाच मुलं तुमच्याकडे इंटर्नशिपला यायची. येताना वाटायचं, पांढरा कोट मिळेल, काचेच्या नळ्या मिळतील. मिळायचं काय, तर डब्यात घडी घालून टाकलेलं ते माहितीचं पत्रक, जे आपण सगळे डबा उघडल्याबरोबर फेकतो. दोघांनी समोरासमोर बसायचं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नजर ठेवायची, आणि विरामचिन्हंसुद्धा वाचायची. "डोकेदुखी स्वल्पविराम मळमळ स्वल्पविराम क्वचित अंगावर पुरळ पूर्णविराम." आठवडाभर हेच. दोन मुलं तिसऱ्याच दिवशी पळाली होती, ते तुम्ही हसत सांगायचात. उरलेली मात्र अशी तयार व्हायची की पुढे कुठल्या कुठल्या कंपन्यांत साहेब होऊन तुम्हाला दिवाळीला फोन करायची.

हा रोग तुम्ही घरीही आणला होता. आपल्या दोन्ही घरांतली प्रत्येक लग्नपत्रिका छापायला जाण्याआधी तुमच्या हातून जायची. तुम्ही सोफ्यावर, मी समोरच्या खुर्चीत. "आपले नम्र पूर्णविराम," मी वाचायचो. "थांबा," तुम्ही म्हणायचात, "नम्र झाल्यावर थांबून काहून गेले? नावं कुठं आहेत?" मी कंटाळल्यासारखं दाखवायचो. खरं म्हणजे शाळेला जाता-येता उमरेडच्या बसमध्ये बसल्या बसल्या मी रविवारची वाट पाहायचो. आता गेल्या रविवारी शेजारच्या वाघमारेंच्या मुलीची पत्रिका आली. मी एकटाच मोठ्याने वाचायला लागलो आणि दुसऱ्या ओळीवर थांबलो. समोर नजर ठेवायला माणूस नसला की मोठ्याने वाचणं वेड्यासारखं वाटतं.

आपलं भांडण तसं जुनं होतं, आणि ते माझ्या हजेरीपटावरून होतं. सोयाबीनच्या सोंगणीला माझ्या वर्गातली निम्मी पोरं शेतात असतात. मी त्यांना पटावर हजर लावतो. तुम्हाला हे एकदा बोलून गेलो आणि पस्तावलो.

"म्हणजे पोरगं वावरात, अन् कागदावर शाळेत?"

"हजेरी भरली नाही तर त्याचं वर्ष जातं भाऊ. गरिबाचं पोर आहे."

"मास्तर दयाळू आहे, मान्य. पण तुमचा पट पाहून वरच्या साहेबाले वाटते, सोंगणीत शाळा भरून राहिली. मंग सुट्टी कधी द्यायची ते त्याले कसं कळन? तुम्ही एकेका पोराले वाचवून राहिले, अन् समद्याईले अडकवून राहिले."

"तुम्ही गोळ्यांचे लोक. तुम्हाला माणसं कळत नाहीत."

"गोळी माणूसच खाते, जवाईबापू."

 याचं उत्तर पुढच्या वेळी देईन म्हणून ते मी अनेक वर्षं शोधत होतो. अजून सापडलेलं नाही.

मग आमची केतकी फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि इंटर्नशिपला तुमच्याकडे आली. मामाच्याच हाताखाली, म्हणून मी निश्चिंत होतो. निमा रोज डब्यात तुमच्यासाठी वेगळी चटणी द्यायची. केतकी रोज सीताबर्डीला मेट्रो बदलून जायची आणि संध्याकाळी येऊन आम्हाला वरणभातासकट विरामचिन्हं ऐकवायची. तुमच्या चुकांच्या वहीबद्दलही तिनेच सांगितलं. ती वही कंपनीची नव्हती, तुमची स्वतःची. शिकाऊ मुलाकडून चूक झाली की त्याच्या नावाचं एक पान, त्यात तीन रकाने : चूक, कारण, उपाय. तिन्ही भरल्याशिवाय तुम्ही प्रमाणपत्रावर सही करत नव्हतात.

त्या जूनमध्ये निमाच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरून साक्षगंध होतं, इतवारीतल्या हॉलमध्ये. मी चार वाजता स्कूटर घेऊन तुमच्या कारखान्याच्या गेटवर पोचलो. उन्हात उभा होतो, अंगात नवा झब्बा. केतकी येईना. मी हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला, मग फोन केला. ती म्हणाली, "बाबा, एक पत्रक वाचायचं राहिलं आहे." मी म्हणालो, "सही करून निघ ना. कोण बघतो? मामा तुझा तिकडे खुर्च्या लावून राहिला." आणि तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला. पाच मिनिटांत ती आली.

हॉलवर तुम्ही दुपारपासूनच होतात, कारण मुलीच्या बापाला एकट्याने झेपत नव्हतं. सरबताचा ट्रे हातात घेऊन तुम्ही केतकीला नाही, मला विचारलंत, "पोरीचं काम झालं?" मी म्हणालो, "झालं, झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही ते पत्रक वाचलंत. छापखान्याच्या नमुन्यातून एक ओळ गळली होती, बारा वर्षांखालील मुलांना ही गोळी देऊ नये, अशी. समोर केतकीची सही : तपासले. छपाई झाली नव्हती, कुणाचं काही बिघडलं नाही. तुम्ही ओरडला नाहीत, हे केतकी अजून सांगते. तुम्ही वही उघडून तिच्यापुढे ठेवलीत. कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, नजरचूक. तुम्ही म्हणालात, "काहून वं केतके, नजर चुकली? नजर त गेलीच नाही. खरं लिही." तेव्हा तिने एक रेघ मारली, सही केली आणि खरं लिहिलं : बाबा गेटवर हॉर्न वाजवत होते.

तिसरा रकाना रिकामा राहिला. तुम्ही तिला सांगितलंत, उपाय तुझे बाबा लिहितील. पोरीला हे मला सांगायची हिंमत झाली नाही. दिवाळी आली. कॉलेजात प्रमाणपत्र द्यायची मुदत जवळ आली, आणि भाऊबीजेला तुम्ही स्वतःच ती वही घेऊन आमच्याकडे आलात.

निमाने पाटवड्या केल्या होत्या, वडाभात होता. ओवाळून झालं. पानावर बसल्यावर तुम्ही पिशवीतून वही काढलीत आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलीत. मी वाचलं. पुन्हा वाचलं. माझा हॉर्न तिथे निळ्या शाईत, माझ्याच मुलीच्या अक्षरात.

"हे काय आहे?"

"फार काही नाही. उपायात एक ओळ लिहा अन् सही करा. यापुढे गेटवर हॉर्न वाजवणार नाही, असंबी चालन."

"मी तुमच्या कंपनीत कामाला नाही."

"नाही ना. म्हणून घरी आलो."

मग तुम्ही मला शांत करायला एक गोष्ट सांगितलीत. तुमच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी तुम्हीही असंच एक पान न वाचता सही करून उठला होतात, कारण त्या संध्याकाळी निमाला पाहायला पाहुणे येणार होते. पाहुणा म्हणजे मी. वहीच्या पहिल्याच पानावर ते लिहिलेलं होतं. "दोन्ही वेळचं कारण एकच माणूस निघाला, जवाईबापू," तुम्ही म्हणालात आणि हसलात. केतकी हसली. निमासुद्धा हसली.

आज ते हसणं आठवलं की माझ्या लक्षात येतं, तुम्ही मला तुमच्या शेजारी बसवत होतात. चुकांच्या वहीत पहिलं पान तुमचं, आणि तिथे मीही आहे, असं सांगत होतात. त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं की बायको आणि पोरगी माझ्यावर हसल्या. मी म्हणालो, "खोडून टाका ते."

"खोडता येते. रेघ मारून. पण खालचं वाचता येईन."

"मला ते वाचता यायला नको आहे."

"मंग त व्हाइटनरच लागन. अन् ते मी ठेवत नाही."

मी ताटावरून उठलो. भाऊबीजेच्या दिवशी, बहिणीच्या घरी, भावासमोर. तुम्ही मात्र ताट पूर्ण संपवलंत, निमाला वाईट वाटू नये म्हणून. आतल्या खोलीत बसून मी तुमच्या वाटीचा आवाज ऐकत होतो. जाताना तुम्ही दाराशी म्हणालात, "वही वापस नेतो, जवाईबापू." 

चार-पाच दिवसांनी केतकीला प्रमाणपत्र मिळालं. तुम्ही तिला नुसतं म्हणालात, "झालं तुझं." मी निमाला म्हणालो, "बघ, नमले शेवटी तुझे भाऊ." निमा तेव्हा चहा गाळत होती. ती गाळतच राहिली.

त्यानंतर आपण दोनदा भेटलो आणि दोन्ही वेळा थंडीबद्दल बोललो. नागपूरच्या थंडीवर इतकं बोलण्यासारखं काही नाही हे दोघांनाही माहीत होतं. संक्रांतीच्या आधीच्या रविवारी तुमचा फोन आला. निमाने फोन माझ्याकडे धरला. मी हातानेच खूण केली, सांग, आंघोळीला गेलेत. ती सांगून ऐकत राहिली, मग फोन ठेवला. मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "म्हणाले, जवाईबापूले सांग, आंघोळ सावकाश करा म्हणा."

तुम्हाला कळलं होतं. तुम्हाला न वाचलेलं पान लगेच ओळखू यायचं. बुधवारी तुम्ही गेलात. मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या, निरीक्षकांना मारल्या, हेडमास्तरांना मारल्या, पण त्या आंघोळीतून मी अजून बाहेर आलेलो नाही.

भाऊ, तुमच्यानंतरच्या तेरा दिवसांत निमा त्या भाऊबीजेबद्दल एक शब्द बोलली नाही. रडली, पाहुण्यांचं केलं, वहिनींना जेवू घातलं, मला औषधाची वेळ सांगितली. पण ते नाही. मला ओरडा खायचा होता. मी दोनदा विषय काढायला गेलो आणि दोन्ही वेळा तिने माझ्या हातात काहीतरी दिलं, एकदा पाण्याची कळशी आणि एकदा केळीची पानं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या ऑफिसातली रोशनी आली. कधीकाळी तुमच्याकडे इंटर्न होती, आता तुमचं टेबल तिच्याकडे आलं आहे. वहिनींकडे तुमचा चष्मा, लाकडी पट्टी आणि स्वेटर देऊन ती आमच्याकडे आली, आणि पिशवीतून ती वही काढली. "कंपनीचे कागद कंपनीत राहिले काका. ही सरांची स्वतःची. तिकडं काकू म्हणाल्या, केतकीले द्या."

केतकीने आपलं पान उघडून वाचलं. मग वही माझ्याकडे सरकवली.

कारणाच्या रकान्यात माझ्या हॉर्नवर एक रेघ होती, पट्टीने मारलेली. वर तुमच्या बारीक अक्षरात : दुसरा तपासणारा जागेवर नव्हता, दुपारीच साक्षगंधाला निघून गेला होता. शेजारी तुमची सही. उपायाच्या रकान्यात : दुसऱ्या तपासणाऱ्याने पहिल्याच्या आधी उठू नये. पुन्हा सही. तारीख भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची.

मी नमवलं नव्हतं तुम्हाला. माझ्या घरून उठून गेल्यावर तुम्ही रात्रभर स्वतःचीच चूक तपासत बसला असणार, आणि ती तुम्हाला सापडली. खोटी नाही, खरीच. तुम्ही त्या दुपारी खुर्च्या लावत होतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं खरं तुम्ही उचललंत आणि माझ्या पोरीला मोकळं केलंत. मला न सांगता. आणि खालचं माझं वाचता येत होतं. तुमच्या रेघेखाली हॉर्न अजून वाजत होता.

हॉर्न माझाच होता, मला एवढंच सांगायचं होतं, ते त्या रविवारी फोनवर सांगता आलं असतं. अर्धं मिनिट लागलं असतं. मी काय कमावलं, तर दोन महिन्यांचा ताठा, आणि तोही कुणी मागितला नव्हता. तुमच्यासारखा साळा मला मिळाला, ज्याने माझी एक चूकही पुसली नाही आणि एका चुकीसाठी मला टाकलंही नाही, हे तुम्हाला तोंडावर कधी म्हणालो नसतो, ते आता म्हणतो.

सुधारलो आहे असं समजू नका. परवाही हजेरी घेताना शेवटच्या बाकावरचा अंकुश नव्हता. मी पेन टेकवलं आणि थांबलो.  पोरं माझ्याकडे बघायला लागली. शेवटी काय लावलं ते सांगत नाही, आपलं भांडण अजून चालू आहे असं समजा.

काल दुपारी जेवणं झाल्यावर मी वही घेऊन डायनिंग टेबलाशी बसलो. केतकी समोर होती, तुमच्या जागी. उपायाच्या रकान्यात तुमच्या सहीखाली दोन ओळींची जागा उरली आहे. जागा बघितल्यावर मला वाटलं, ती तुम्ही सोडली असेल. नसेलही, तुमच्या वहीत सगळ्याच पानांवर खाली जागा आहे. मी लिहिलं, "घाई माझी होती. काम झालं असं मी खोटं सांगितलं." केतकीने मोठ्याने वाचलं, पूर्णविरामांसकट. मी सही केली.

तारखेपाशी हात थांबला. मला ती भाऊबीजेची टाकायची होती. म्हणजे वही कधी कुणी उघडली तर वाटेल, त्याच दिवशी पानावरून न उठता मी लिहून दिलं. तुमच्या तारखेच्या एक दिवस आधीची, नीट ओळीत बसली असती. मी एक आकडा लिहायला पेन टेकवलंही.

निमा मागे उभी होती, ओले हात पदराला पुसत. कधीची उभी होती कोण जाणे. तिने वही वाचली, माझं पेन पाहिलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलली.

"आजचीच टाका," ती म्हणाली. "उशीर झाला त उशीर झालेला दिसू द्या. मागची तारीख दादाले चालत नव्हती."